रात्री गाडी कुठे उभी करायची? मोटरहोमच्या प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

युरोपात मोटरहोम भाड्याने घेऊन स्वतः चालवत फिरण्याविषयी या सदरात पूर्वी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: गाडीत पलंग आहेत, शेगडी आहे, संडासही आहे, पण ती गाडी रात्री उभी कुठे करायची? या वेळचे सदर त्यामुळे पूर्णपणे या प्रश्नाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून वाचकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : येत्या जूनमध्ये आम्ही उभयता, दोन मुले आणि माझे आईवडील म्युनिकहून मोटरहोम घेऊन जर्मनी, इटली आणि फ्रान्स असा तीन आठवड्यांचा प्रवास करणार आहोत. हॉटेलांचा खर्च वाचेल या हिशेबावरच हा बेत ठरला आहे. परंतु जर्मनीत राहणारा माझा भाचा सांगतो की रस्त्याकडेला गाडीत झोपल्यास दंड होतो, आणि गाडी भाड्याने देणारे म्हणतात की एक रात्र चालते. यात खरे काय मानावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोघेही खरे बोलत आहेत, फक्त ते दोन निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. युरोपातील बहुतेक देशांत गाडी उभी करणे आणि बस्तान मांडणे यांत कायदा फरक करतो. जिथे कोणतीही मोटार उभी करण्यास मुभा आहे, तिथे मोटरहोमलाही सहसा ती असते. मात्र त्याच जागी आपण गाडीबाहेर खुर्च्या मांडल्या, बाजूचे कापडी छत उघडले, कपडे वाळत घातले किंवा शेगडी बाहेर आणली, की ते पार्किंग राहत नाही आणि परवानगीशिवाय तळ ठोकल्याचा मामला होतो. आपल्या भाच्याने ज्यांना दंड झालेला पाहिला असेल, त्यांतील अनेकांनी अशीच चूल मांडलेली असण्याची शक्यता अधिक.

जर्मनीत वाहनचालकाने पुढे सुरक्षितपणे गाडी चालवता यावी म्हणून वाटेत विश्रांती घेणे हा रस्त्याच्या वापराचाच भाग मानला जातो आणि त्या आधारावर सार्वजनिक पार्किंगमध्ये गाडीत एक रात्र झोपणे खपवून घेतले जाते. लोक साधारणपणे दहा तासांची मर्यादा सांगतात, पण वाहतुकीच्या नियमांत असा आकडा लिहिलेला नाही. तो व्यवहारातून रूढ झालेला अंदाज आहे. त्याच जागी दुसरी रात्र काढली, तर विश्रांतीचे कारण टिकत नाही. शिवाय पार्किंगच्या निळ्या फलकाखाली छोट्या पाटीवर फक्त मोटारीचे चित्र असेल, तर ती जागा केवळ मोटारींसाठी राखीव असते आणि तिथे मोटरहोम दिवसाही उभी करता येत नाही. राखीव निसर्गक्षेत्रात आणि जंगलातल्या वाटांवर तर हा विचारही करू नये.

इटलीने हा फरक सर्वांत नेमका लिहून ठेवला आहे आणि त्याबद्दल त्या देशाचे कौतुक करावेसे वाटते. तिथल्या वाहतूक संहितेच्या १८५ व्या कलमानुसार उभी केलेली मोटरहोम पुढील अटी पाळत असेल तर तिला तळ ठोकलेली मानत नाहीत: तिची फक्त चाके जमिनीला टेकलेली असावीत, इंजिनाचा धूर सोडल्यास तिच्यातून बाहेर काहीही सांडू नये आणि स्वतःच्या लांबीरुंदीपेक्षा अधिक जागा तिने अडवू नये. गाडी हलू नये म्हणून खाली सोडायचे लोखंडी पाय जमिनीला टेकवले की पहिली अट मोडली, सांडपाण्याच्या टाकीचा नळ ठिबकत राहिला की दुसरी, आणि रस्त्याच्या बाजूला उघडणारी खिडकी बाहेर ढकलली की तिसरी. त्याच कलमात एक महागडी ओळही आहे: सशुल्क पार्किंगमध्ये मोटरहोमकडून मोटारीच्या दीडपट दर घेण्याची तरतूद आहे. स्थानिक नगरपालिकांचे वेगळे मनाईहुकूम असतात ते असतातच, विशेषतः सरोवरांच्या आणि समुद्राच्या काठी. त्यामुळे १८५ व्या कलमाचा दाखला देत तिथल्या पोलिसाशी वाद घालण्याचा सल्ला मी आपल्याला देणार नाही.

फ्रान्समध्येही पार्किंगला वाहतुकीचा कायदा लागतो आणि कॅम्पिंगला नगररचनेचा. समुद्रकिनाऱ्यावर, संरक्षित स्थळी किंवा ऐतिहासिक वास्तूपासून ५०० मीटरच्या आत कॅम्पिंगला मनाई आहे, आणि एकाच जागी सलग सात दिवसांहून अधिक काळ उभी राहिलेली कोणतीही गाडी उचलून नेता येते. गावचा महापौर ठरावीक रस्त्यांवर किंवा ठरावीक वेळी मोटरहोमना बंदी घालू शकतो आणि किनारपट्टीवर तो ती हमखास घालतो.

आता खर्चाच्या हिशेबाविषयी. तीन आठवड्यांतल्या सगळ्या रात्री फुकट काढण्याचा हट्ट धरू नये. सहा जणांच्या कुटुंबात ज्येष्ठ मंडळी असताना रोज संध्याकाळी 'इथे चालेल का' ही धाकधूक नको होते आणि खिडक्यांचे पडदे ओढून, दबक्या आवाजात काढलेल्या रात्रीला सहल म्हणवत नाही. फुकट आणि महाग यांच्यामध्ये एक मोठी, स्वस्त आणि पूर्णपणे कायदेशीर सोय आहे, ती म्हणजे खास मोटरहोमसाठी राखलेले तळ. जर्मनीत त्यांना 'श्टेलप्लाट्झ' म्हणतात, फ्रान्समध्ये 'एर' आणि इटलीत 'आरेआ दि सोस्ता'. हे बहुधा गावच्या नगरपालिकेने पोहण्याच्या तलावाशेजारी, क्रीडांगणालगत किंवा नदीकाठी केलेले असतात. काही फुकट असतात, आणि एरवी जर्मनीत रात्रीचे १० ते २० युरो हा नेहमीचा दर समजावा. नाणे टाकून वीज आणि पाणी घेता येते. मोझेल नदीच्या काठाने गेलात तर एकामागून एक द्राक्षमळ्यांच्या गावांत असे तळ लागतील. समोर नदी, मागे उतारावरचे मळे आणि बेकरी चालत जाण्याच्या अंतरावर. दोन-तीन रात्री तळावर आणि मग एक रात्र आंघोळीची व कपडे धुण्याची व्यवस्था असलेल्या मोठ्या कॅम्पसाइटवर, असा क्रम लावल्यास हॉटेलांच्या तुलनेत पैसेही वाचतील आणि आपले आईवडील कुरकुरणार नाहीत.

प्रश्न : माझे सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे आले आहेत. त्यांना घेऊन आम्हाला श्टुटगार्टहून दक्षिण फ्रान्सला मोटरहोमने जायचे आहे. अंतर मोठे असल्यामुळे पहिली रात्र महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी काढावी असे वाटते. पण गाडीत गुंगीचा वायू सोडून प्रवाशांना लुटतात, असे सासऱ्यांनी कुठेतरी ऐकले आहे आणि ते तयार होत नाहीत. (एक वाचक, श्टुटगार्ट)

उत्तर : गुंगीच्या वायूची ही कथा युरोपभर बरीच वर्षे फिरते आहे. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने यावर स्पष्ट निवेदन काढून सांगितले आहे की खिडकीतून ईथरसारखा वायू सोडून झोपलेल्या माणसाला त्याच्या नकळत बेशुद्ध करणे शक्य नाही. एवढ्या मोठ्या जागेत परिणाम होण्यासाठी लागणारे प्रमाण फार मोठे असते, आणि ईथरचा उग्र वास व जळजळ माणसाला जागे करते. सासऱ्यांना हे जरूर सांगावे. मात्र त्यांचा निष्कर्ष, म्हणजे महामार्गावर झोपू नये, हा मला मान्य आहे.

कारण चोऱ्या खरोखर होतात. त्यांना वायूची गरज लागत नाही इतकेच. दिवसभर गाडी चालवून थकलेला माणूस गाढ झोपतो, मालमोटारींची इंजिने रात्रभर घरघरत असल्यामुळे दाराचा आवाज त्यात बुडून जातो आणि चोराला महामार्गावरून दोन मिनिटांत निघून जाता येते. दक्षिण फ्रान्समध्ये आणि स्पेनच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या मार्गांवर हा धोका विशेष सांगितला जातो. त्याखेरीज झोपही लागत नाही. शीतपेटीच्या मालमोटारींची यंत्रे रात्रभर सुरू-बंद होत राहतात आणि पहाटे चार-पाचपासून त्या निघू लागतात.

यावर उपाय सोपा आहे. संध्याकाळी महामार्ग सोडून पाच-दहा किलोमीटर आत जावे. फ्रान्समधल्या छोट्या गावांत चर्चच्या मागे, नगरपालिकेच्या इमारतीशेजारी किंवा क्रीडांगणाजवळ बहुधा एक एर असतेच, आणि नसले तरी तिथल्या साध्या पार्किंगमधली रात्र महामार्गापेक्षा शांत जाते. एवढ्यासाठी टोलचे पाचसहा युरो जास्त पडले तरी हरकत नाही. नाइलाजाने महामार्गावर थांबावेच लागले, तर मोटारींच्या बाजूला, दिव्याखाली, पेट्रोल पंपाच्या इमारतीच्या नजरेत थांबावे आणि पासपोर्ट व पाकिटे चालकाच्या कप्प्यात ठेवण्याऐवजी पलंगाजवळ घ्यावीत.

प्रश्न : मोकळी जागा शोधायची कशी, हे कोणी नीट सांगत नाही. मोबाइलवरचे ॲप पुरेसे आहे का? आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत शोध सुरू करावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे यशापयश त्यावर अवलंबून आहे. शोध दुपारच्या जेवणाच्या वेळीच सुरू करावा आणि चार-पाच वाजेपर्यंत तळावर पोहोचावे. आपल्याकडे अंधार पडल्यावर मुक्कामी पोहोचण्याची सवय असते, कारण हॉटेलची खोली आपली वाट पाहत असते. श्टेलप्लाट्झ किंवा एर बहुधा आधी राखून ठेवता येत नाही. जो आधी येतो त्याला जागा मिळते आणि सुटीच्या दिवसांत सहा वाजता शेवटची जागा गेलेली असते. फ्रान्समध्ये १४ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात किनाऱ्यालगत तर हे रोजचेच आहे.

ॲपपैकी पार्क-फॉर-नाइट आणि कॅम्परकाँटॅक्ट ही दोन सर्वाधिक वापरली जातात. दोन्हींत नकाशावर जागा, दर, सोयी आणि आधी राहून गेलेल्यांचे शेरे मिळतात. या शेऱ्यांकडे मात्र डोळसपणे पाहावे. तारे किती दिले आहेत यापेक्षा शेवटचा शेरा कोणत्या महिन्यातला आहे, ते पाहणे उपयोगाचे. फेब्रुवारीत 'सुंदर आणि शांत' असलेली जागा जुलैत उंचीची आडवी कमान बसवून बंद केलेली असू शकते. ही कमान म्हणजे पार्किंगच्या तोंडाशी सुमारे दोन मीटर उंचीवर लावलेला लोखंडी दांडा. भाड्याच्या मोटरहोमची उंची पावणेतीन ते सव्वातीन मीटर असते, त्यामुळे तिथून मोटारी खालून सहज आत जातात आणि आपण रस्त्यावर अडकून मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकत राहतो. आपल्या गाडीची उंची आणि वजन कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चालकाच्या समोर, काचेच्या खाली चिकटवून ठेवावे. आपल्याला उंची नक्की माहीत आहे असे वाटत असते, पण पुलाखालच्या फलकावर ३ मीटर वाचल्यावर क्षणभर ती आठवत नाही.

रोज निघतानाच मुक्कामाची जागा ठरवावी आणि तिच्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरात दुसरी व तिसरी जागाही हेरून ठेवावी. पहिली जागा भरलेली निघाली म्हणून तिथेच कोपऱ्यात, अग्निशामक दलाच्या वाटेत गाडी घुसवण्याचा मोह होतो. पर्याय हाताशी असला की तो होत नाही. कॅम्पसाइटवर जाणार असाल तर तिथल्या वेळा पाहाव्यात. जर्मनीत अनेक कॅम्पसाइट दुपारी १ ते ३ विश्रांतीसाठी अडसर लावून बंद ठेवतात आणि रात्री दहानंतर गाडी आत घेत नाहीत. दुपारी दीडला पोहोचून ऊन्ह खात थांबलेली भारतीय कुटुंबे तिथे पुष्कळदा दिसतात.

पोहोचल्यावर लगेच गाडी लावू नये. आधी उतरून पायी एक फेरी मारावी. जमीन उतरती आहे का, पाऊस पडल्यास चाके रुततील अशी माती किंवा गवत आहे का, कोपऱ्यावर उपाहारगृह आहे का जिथे मध्यरात्रीपर्यंत गोंगाट चालेल, आणि उद्या सकाळी तिथे आठवडी बाजार भरणार असल्याचा फलक आहे का, हे पाच मिनिटांत कळते. बाजाराचा फलक अगदी महत्त्वाचा आहे, कारण फ्रान्स आणि इटलीतल्या गावांत एरवी मोकळे असलेले चौकातले पार्किंग बाजारच्या दिवशी पहाटे रिकामे करावे लागते आणि न केल्यास गाडी उचलून नेतात. उतार असेल तर डोके उंच बाजूला येईल अशी गाडी लावावी किंवा प्लॅस्टिकच्या पाचरी चाकाखाली घालाव्यात. गाडी तिरकी असली की झोपेचे हाल होतात आणि काही प्रकारचे फ्रिज नीट थंड होत नाहीत. गाडीचे तोंड बाहेर जाण्याच्या दिशेला ठेवावे. आणि अख्खे मैदान रिकामे असताना एकट्या उभ्या असलेल्या गाडीला चिकटून आपली गाडी लावू नये. आपल्याला ती सोबत वाटते, पण त्यांना ती घुसखोरी वाटते.

नदीकाठाविषयी एक इशारा. पाण्याच्या अगदी कडेची जागा सर्वांना हवी असते, परंतु २०२१ च्या जुलैमध्ये जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत आलेल्या पुराने काठावरच्या कॅम्पसाइटही वाहून नेल्या. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या रात्री गाडी वरच्या अंगाला घ्यावी, मग तिथून रेल्वेमार्ग दिसला तरी चालेल.

फ्रान्समध्ये जाणाऱ्यांनी 'फ्रान्स पासियों' या योजनेचाही विचार करावा. वार्षिक वर्गणी भरली की द्राक्षमळेवाले, शेतकरी आणि चीज करणारे यांच्या अंगणात २४ तासांपर्यंत फुकट गाडी उभी करता येते. त्याबदल्यात काही विकत घेण्याची सक्ती नसते. अट एवढीच की पाणी, वीज, संडास यांपैकी काहीही यजमानाकडे मागायचे नाही आणि गेल्याबरोबर व निघताना त्याची भेट घ्यायची. ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. गावात शिरल्यावर आधी पाटलाच्या वाड्यावर जाऊन रामराम करणाऱ्यांचे आपण वारस आहोत.

प्रश्न : व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा मागतात. मोटरहोमने फिरणाऱ्याने तो कसा द्यावा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गाडीच्या भाडेकरारासोबत तारीखवार मार्ग आणि प्रत्येक रात्रीचे गाव लिहून द्यावे, आणि त्यांपैकी शक्य तितक्या रात्रींसाठी कॅम्पसाइटची आरक्षणे जोडावीत. अनेक कॅम्पसाइट ठरावीक मुदतीपर्यंत आरक्षण रद्द करू देतात. केवळ 'आम्ही गाडीत झोपू' असे लिहिणे तपासनिसाला पटेलच असे नाही. पहिली आणि शेवटची रात्र तर खरोखरच आरक्षित असावी, कारण पहिल्या दिवशी गाडी ताब्यात घ्यायला दुपार होते आणि शेवटच्या दिवशी ती सकाळी साफ करून परत द्यायची असते.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शेंगेनचा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा, अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वाधिक त्या देशाकडे करायचा असतो, आणि मुक्काम सारखाच असेल तर जिथून प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. म्हणजे रात्री कोणत्या देशात काढणार हे मोजूनच अर्ज कोणाकडे करायचा ते ठरवावे लागते.

प्रश्न : नॉर्वे आणि आइसलँडमध्ये कुठेही राहण्याचा सर्वांना हक्क आहे, असे वाचले. मग तिथे मोटरहोमसाठी जागा शोधण्याची गरजच नाही ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नॉर्वेतील हा हक्क १९५७ च्या कायद्याने दिलेला आहे, पण तो पायी जाणाऱ्याचा आणि तंबू ठोकणाऱ्याचा आहे. वस्तीच्या घरापासून निदान १५० मीटर दूर, पडीक जमिनीवर, साधारणपणे दोन रात्री तंबू लावता येतो. गाडी घेऊन रस्ता सोडून रानात शिरण्यास मात्र १९७७ च्या दुसऱ्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे मोटरहोमवाल्यासाठी हक्क फार तर रस्त्याकडेच्या रुंद जागेपर्यंत आणि मनाईचा फलक नसलेल्या पार्किंगपर्यंतच पोहोचतो. स्वीडनमध्ये रस्त्याकडेच्या विश्रांतिस्थळी साधारणपणे २४ तास थांबता येते आणि त्यात रविवार व सुटीचे दिवस मोजत नाहीत, ही तिथली चांगली सोय आहे.

आइसलँडविषयी मात्र गैरसमज अजिबात बाळगू नये. २०१५ च्या नोव्हेंबरपासून तिथे मोटरहोम, कॅम्परव्हॅन किंवा छतावर तंबू असलेल्या मोटारीत रात्र काढायची तर ती कॅम्पसाइटवरच काढावी लागते. अन्यत्र जमीनमालकाची परवानगी लागते. पर्यटकांची संख्या भराभर वाढली, शेवाळाच्या नाजूक गालिच्यावर चाकांचे वण उठू लागले आणि धबधब्यांच्या पार्किंगमध्ये प्रातर्विधी होऊ लागले, तेव्हा हा नियम आला. नेदरलँड्स, क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया हेही या बाबतीत कडक आहेत. तिथे रात्र अधिकृत तळावरच काढावी आणि जर्मनीतल्या एका रात्रीच्या सवलतीचा दाखला तिथे देऊ नये. स्वित्झर्लंडमध्ये नियम परगण्यागणिक बदलतात. लाउटरब्रुनेन किंवा ग्रिंडेलवाल्डच्या दरीत जाणाऱ्यांनी सरळ तिथल्या कॅम्पसाइट आधी आरक्षित कराव्यात.

प्रश्न : आमच्या गाडीत सहा जण असतील. पाणी आणि संडास किती दिवस पुरतात? हा प्रश्न विचारायला थोडा संकोच वाटतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : संकोच करू नये, कारण मुक्काम कुठे करायचा हे प्रत्यक्षात या दोन टाक्याच ठरवतात. मोटरहोमच्या संडासाखाली बाहेरून ओढून काढता येणारी एक पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. तिची क्षमता १७ ते २० लिटर असते. कागद वापरणाऱ्या दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते, असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. आपल्याकडे पाणी वापरतात. प्रत्येक वेळी अर्धा लिटर पाणी धरले तरी सहा जणांची कॅसेट एका दिवसात भरते आणि मग लाल दिवा लागतो. म्हणून आपल्या कुटुंबाने रोज, निदान एक दिवसाआड, कॅसेट रिकामी करण्याची सोय असलेल्या तळावरच थांबण्याचे ठरवावे आणि दिवसा पेट्रोल पंप, सुपरबाजार, संग्रहालये इथल्या स्वच्छतागृहांचा मोकळेपणाने उपयोग करावा. स्वच्छ पाण्याची टाकी सुमारे १०० लिटरची असते. डाळ-तांदूळ धुणे आणि फोडणीची तेलकट भांडी घासणे यांत ती अपेक्षेपेक्षा लवकर संपते, आणि जितके पाणी वापरले तितकी सांडपाण्याची टाकी भरते.

कॅसेट फक्त तिच्यासाठी केलेल्या मोरीतच ओतावी. ती पेट्रोल पंपाच्या संडासात किंवा रस्त्याच्या गटारात ओतणे हा गुन्हा आहे. असे करणाऱ्यांमुळेच अनेक गावांनी मोटरहोमना दारे बंद केली आहेत आणि त्या गावांचे मी काही चुकले मानत नाही. तळावर पाणी भरण्यासाठी जो सेवा खांब असतो, त्याच्याजवळ बहुधा दोन नळ असतात. एक पिण्याच्या पाण्याचा आणि दुसरा कॅसेट विसळण्याचा. दुसऱ्या नळावर जर्मनीत 'काइन ट्रिंकवासर', फ्रान्समध्ये 'नों पोताब्ल' आणि इटलीत 'नॉन पोताबिले' असे लिहिलेले असते. पिण्याच्या नळाची तोटीही वापरण्यापूर्वी पुसून, थोडे पाणी सोडून द्यावे, कारण आपल्या आधीच्याने तिथे काय धुतले असेल याचा भरवसा नाही. कॅसेटचे काम सकाळी करावे. संध्याकाळी शेजारी जेवायला बसलेले असतात.

प्रश्न : आपल्याकडे कोकणात किंवा गोव्यात असे करता येईल का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि केरळनेही त्याच वर्षी आपले धोरण जाहीर केले; मात्र युरोपसारखे गावोगावचे तळ आपल्याकडे झालेले नाहीत. सध्याच्या घडीला पर्यटन महामंडळाची निवासस्थाने, देवस्थानांची भक्तनिवासे, ओळखीचे घरगुती निवास आणि रात्रभर सुरू असलेले मोठे पेट्रोल पंप यांच्या आवारात विचारून थांबणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. गोव्याच्या पर्यटन खात्याने २०२२ मध्ये उघड्यावर स्वयंपाक करण्यास आणि किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई करणारा आदेश काढला आणि त्यात ५ हजार ते ५० हजार रुपयांच्या दंडाची तरतूद होती. म्हणजे तिथेही गाडीतल्या गाडीत चहा केलात तर प्रश्न येत नाही, स्टोव्ह वाळूवर मांडलात तर येतो.

प्रश्न : रात्री पोलिसांनी दार ठोठावले तर काय करावे? (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : आधी खिडकीतून पाहावे, गणवेश दिसला की दार उघडावे आणि जागा सोडायला सांगितले तर वाद न घालता सोडावी. बहुतेक वेळा दंडाऐवजी समज मिळते आणि जवळचा तळ कुठे आहे तेही तेच सांगतात. त्यासाठी गाडी कधीही हलवता येईल अशा स्थितीत असावी: भांडी कपाटात, छतावरची खिडकी बंद, चालकाचे आसन पुढच्या दिशेला आणि काचेवरचे पडदे एका हाताने काढता येतील असे.

याहून महत्त्वाची गोष्ट चालकाची. जर्मनी, फ्रान्स आणि इटलीत रक्तातील मद्याची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे. द्राक्षमळेवाल्याच्या अंगणात त्याच्या परवानगीने उभे असाल तर जेवणाबरोबर पेला घ्यायला हरकत नाही, कारण तिथून सकाळपर्यंत कोणी उठवणार नाही. साध्या पार्किंगमध्ये, जिथून मध्यरात्री निघावे लागू शकते, तिथे भाडेकरारात ज्यांची नावे चालक म्हणून आहेत त्यांच्यापैकी एकाने तरी घेऊ नये. किल्ली रोज एकाच खिळ्याला टांगावी आणि तो खिळा दोन्ही चालकांना माहीत असावा.